पुरंदरची न झालेली बँक

पुरंदर तालुक्यात मी 34 वर्षं विकास सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीक कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचा, गटसचिव होतो. तीन गावांची दप्तरं माझ्याकडे असायची. रोजकीर्द, खतावणी, कमाल मर्यादा पत्रक, थकबाकीच्या याद्या यांतच आयुष्य गेलं आणि ते चांगलं गेलं असं मी मनापासून म्हणतो.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा पुण्यात सचिवांचं आठवडाभराचं प्रशिक्षण होतं. दुपारची जेवणं झालेली, वर्गातली निम्मी मंडळी पेंगुळलेली. सहकाराचा इतिहास शिकवणारे सर जर्मनीत खेड्यांत पतसंस्था काढणाऱ्या रायफायझनपासून सुरू करून 1904 च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याकडे निघाले होते. मध्येच ते म्हणाले, की 1882 च्या सुमारास न्यायमूर्ती रानडे आणि सर विल्यम वेडरबर्न यांनी शेतकी बँकेची एक योजना आखली होती, प्रयोगासाठी पुरंदर तालुका धरला होता, पण लंडनहून परवानगी आली नाही. एवढं सांगून सर पुढे गेले.

मी वहीत ‘पुरंदर’ एवढाच शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे.

रानडे कोण ते कुणी सांगायला नको. पण हा वेडरबर्न कोण, आणि त्याला आमच्या तालुक्याची एवढी काळजी का पडली होती? नोकरीत असताना शोधायला सवड झाली नाही. निवृत्त झाल्यावर आठवड्यातून एकदा सासवडहून एसटीने पुण्याला जायचं, ग्रंथालयात बसायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, असा क्रम ठेवला. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, पण लागतं तितकं समजतं.

पुस्तकांत त्यांची ओळख बहुतेक एका ओळीत असते. स्कॉटलंडमधल्या बॅन्फशायरचे लिबरल खासदार, दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष. ते दोन्ही खरं. पण ते पार्लमेंटात गेले 1893 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. त्याआधीची जवळजवळ 27 वर्षं त्यांनी आपल्या मुंबई इलाख्यात नोकरीत काढली. पार्लमेंटात हा माणूस शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल आणि सरकारच्या खर्चाबद्दल जे बोलत राहिला, ते तो आपल्याकडे शिकला होता. म्हणून मला त्यांच्या खासदारकीपेक्षा तिच्या आधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

विल्यम यांचा जन्म 25 मार्च 1838 रोजी एडिंबराचा. घराणं जुनं आणि त्याचा इतिहास अवघड. 1745 च्या बंडात राजाविरुद्ध उभे राहिल्याबद्दल त्यांच्या एका पूर्वजाला पुढच्याच वर्षी लंडनमध्ये फाशी झाली. त्यांच्याच घराण्यातल्या जॉन वेडरबर्नने जमैकाहून जोसेफ नाइट नावाचा गुलाम स्कॉटलंडला आणला. नाइट कोर्टात गेला आणि 1778 मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितलं, की गुलामगिरी स्कॉटलंडच्या कायद्यात बसत नाही. मालक हरला, गुलाम सुटला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नाही. ज्या घराचं नाव अशा खटल्याला कायमचं चिकटलं, त्या घरातला मुलगा पुढे न्यायाधीश होऊन सावकारी पाशातल्या कुळांचा विचार करतो. त्या खटल्याचा या विचाराशी संबंध होता की नाही, हे ठरवणं माझं काम नाही. पण माझ्या मनात त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहिल्या आहेत.

वडीलही मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. थोरला भाऊ जॉन उत्तरेत हिसारला मुलकी अधिकारी होता. मे 1857 मध्ये तिथे उठाव झाला, त्यात जॉन, त्याची बायको आणि लहान मूल असे तिघेही मारले गेले. विल्यम तेव्हा 19 वर्षांचे. घरात असं झाल्यावर त्या देशाचं नाव काढू नये, असं कुणालाही वाटेल. या मुलाने दोन वर्षांनी सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा दिली, तिसरा आला आणि 1860 मध्ये मुंबई इलाख्यात दाखल झाला. पुढे आयुष्यभर त्यांच्या वागण्यात सूडाची खूण दिसत नाही. त्यांच्याबद्दल मला जो आदर आहे, तो इथून सुरू होतो.

पहिली नेमणूक धारवाडला, असिस्टंट कलेक्टर म्हणून. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि कापसासाठी नावाजलेलं. लवकरच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला येईना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्जं देऊ लागले. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्जं मात्र तशीच राहिली. त्यात पुणे जिल्ह्यात 1867 पासून नव्या पाहणीनुसार शेतसारा वाढला. इंदापूर, भीमथडी, पुरंदर हे कमी पावसाचे तालुके. शेतकऱ्याला दोन्हीकडून पीळ बसला.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती मला माझ्या टेबलावरून दिसलेली आहे.

वेडरबर्न परीक्षा पास झाले त्याच 1859 साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा केला नाही तर तो दावा बुडायचा. हेतू चांगला होता, सावकाराने वीस-वीस वर्षं जुनी कागदपत्रं काढून शेतकऱ्याला छळू नये हा. झालं उलटं. दर तीन वर्षं पुरी होत आली, की सावकार शेतकऱ्याला बोलवायचा, मुद्दल आणि साचलेलं व्याज एकत्र करायचा आणि त्या सगळ्या रकमेचं नवं खत, म्हणजे कर्जरोखा, लिहून घ्यायचा. कालचं व्याज आजचं मुद्दल झालं. दामदुपटीची जुनी रीत अशी, की व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. पण खतच नवं झाल्यावर दामदुपट मोजायची कुठून?

आमच्याकडे याला एक शब्द आहे. नवं-जुनं.

सोसायटीचं पीक कर्ज 31 मार्चच्या आत भरलं, की सभासद थकबाकीत जात नाही, व्याजाची सवलत मिळते, आणि एप्रिलमध्ये पुन्हा कर्ज मिळतं. ज्याच्याकडे पीक आलेलं नाही, तो भरणार कुठून? मग तो चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने आणतो. मार्चअखेरीला तालुक्यात असे पैसे फिरवणारी माणसं असतात, त्यांचा दर दिवसाचा असतो. एका 31 मार्चला सकाळी साडेआठला मी कार्यालय उघडलं, तर एक बाई पायरीवर बसलेल्या. मालक आजारी होते म्हणून त्या आल्या होत्या. पदराच्या गाठीतून नोटा काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या. नव्याकोऱ्या, बँकेच्या पट्टीतल्या. मी त्या मोजत होतो आणि माझं लक्ष त्यांच्या गळ्याकडे गेलं. नुसता काळा दोरा होता. मी विचारलं नाही. पावती फाडून दिली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचं नवं कर्ज मंजूर झालं, त्यातून उसने आणलेले पैसे आणि वरचे दिवसांचे पैसे गेले, उरलं ते बियाण्याला. माझ्या खतावणीत तो सभासद ‘नियमित परतफेड करणारा’ म्हणून लागला. वरच्या कार्यालयाने त्या वर्षी आमच्या संस्थेच्या वसुलीबद्दल समाधान कळवलं. त्या कागदावर मी सही केली तेव्हा हात जड झाला होता.

1859 च्या कायद्याबद्दल वाचलं तेव्हा तो काळा दोराच आठवला.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागणी एकच, खतं बाहेर काढा. दिली तिथे ती जाळली, नाही दिली तिथे वाडे फोडले. पाठोपाठ हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. चौकशी आयोग बसला. लोकांचा रोख माणसांच्या जिवावर नव्हता, कागदावर होता, ही गोष्ट त्या आयोगाच्याही नजरेत आली. वेडरबर्न तेव्हा सिंधमध्ये होते, 1874 पासून तिथल्या सदर कोर्टात न्यायाधीश. पण त्यांचं लक्ष दख्खनवर होतं. गावच्या पंचायतीला, समेटाला, लवादाला पुन्हा बळ द्यावं, म्हणजे शेतकरी कोर्टाच्या पायरीवर नागवला जाणार नाही, हे म्हणणं त्यांनी पुढच्या काही वर्षांत छापून मांडलं. पुण्यात सार्वजनिक काकांनी लवाद कोर्टं काढली होतीच. एक इंग्रज सरकारचा न्यायाधीश आणि एक खादी नेसणारा पुण्याचा वकील एकाच निष्कर्षाला आलेले दिसतात, की सरकारी कोर्ट गरिबाला परवडत नाही.

1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे. न्यायाधीशाने नुसतं खत बघून हुकूमनामा द्यायचा नाही, तर कर्ज मुळात किती होतं आणि कसं वाढलं याचा इतिहास तपासायचा. देण्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. हप्ते बांधून द्यायचे. या कायद्याखाली चाललेलं काम तपासायला रानडे गावोगाव फिरत होते. आणि 1882 मध्ये वेडरबर्न पुण्याला जिल्हा न्यायाधीश म्हणून आले. दोघांचं जमलं ते अशा वेळी.

दोघांनाही एक गोष्ट दिसली असणार, जी पुढे आम्हा सचिवांना रोज दिसते. कायद्याने सावकाराचा हात धरला, की तो हात आखडता घेतो. जुनं देणं कमी झालं म्हणून शेतकऱ्याच्या घरात बियाणं येत नाही. पेरणीला पैसा लागतोच, आणि तो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागतो, नंतर लागत नाही. सावकाराला बाजूला सारायचं तर त्याच्या जागी दुसरं कुणीतरी उभं करावं लागतं.

म्हणून बँक. मी सोसायटीवाला असल्याने ही योजना धंद्याच्या नजरेने वाचली आणि ती मला पक्की वाटली. सगळीकडे एकदम नाही, आधी एकच तालुका, पुरंदर. तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या देण्याची आधी चौकशी करायची, सावकारांशी तडजोड करून ते मिटवायचं, म्हणजे बँकेकडे येणारा शेतकरी कोऱ्या पाटीने येईल. भांडवल पुण्याच्या पैसेवाल्या मंडळींनी घालायचं, त्यांत पेढीवाले आणि सावकारही आले. व्याज माफक. स्टँप आणि कोर्ट फीच्या खर्चातून बँकेला सूट. आणि बँकेची येणी महसुली यंत्रणेमार्फत वसूल व्हावीत, दिवाणी दाव्याच्या फेऱ्यात अडकू नयेत.

या शेवटच्या कलमाशी मी थांबलो. मी उठून कपाटातून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 काढला. कलम 101. आमच्या बोलण्यात ‘एकशे एकचा दाखला’. थकबाकीदारावर निबंधकाकडून दाखला मिळाला, की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. वर्षानुवर्षं मी हे दाखले तयार केले, वसुली अधिकाऱ्याबरोबर वाड्यावस्त्यांवर गेलो. जे हत्यार वेडरबर्न आणि रानडे यांनी पुरंदरसाठी मागितलं, तेच पुढच्या शतकात पुरंदरमध्ये माझ्या हातात होतं. त्यांनी मात्र एक अट आधी घातली होती, जुनं देणं आधी मिटवा. आम्हाला हत्यार मिळालं, ती आधीची पायरी मिळाली नाही. कर्जमाफ्या आल्या, पण त्या निवडणुकीच्या हिशेबाने आल्या. माणसामाणसाचं देणं बसून तपासून, समोरच्याशी तडजोड करून मिटवणं हे काम वेगळं आहे. ते मी एकदाही झालेलं पाहिलं नाही.

गव्हर्नर जनरल लॉर्ड रिपन यांच्या सरकारला योजना पटली. अर्थखातं सांभाळणाऱ्या मेजर बेअरिंग यांनी पाठिंबा दिला. 1884 मध्ये कागद लंडनला भारतमंत्र्यांकडे गेले, आणि तिथे योजना बारगळली. सरकारने 1883 आणि 1884 मध्ये तगाईचे, म्हणजे शेतकऱ्याला सरकारी कर्ज देण्याचे, दोन कायदे केले, एक विहीर-बांधासाठी, दुसरा बी-बियाणं आणि बैलांसाठी. तगाई म्हणजे काय ते आमच्या आजोबांच्या पिढीला विचारा. मिळायची तेव्हा पेरणी उलटून गेलेली असायची, आणि कचेरीत हात ओले केल्याशिवाय मिळायची नाही.

या योजनेवर माझा एक आक्षेपही आहे, तो लपवत नाही. ही बँक पुण्यातल्या भांडवलदारांची होती. शेतकरी तिचा कर्जदार होता, मालक नव्हता. त्याच सुमारास, 1883 मध्ये, ज्यांचं घराणं काही काळ आमच्याच तालुक्यातल्या खानवडीत होतं, ते जोतीराव फुले शेतकऱ्याच्या दुःखावर लिहीत होते, आणि रानड्यांच्या सार्वजनिक सभेच्या मंडळींवर त्यांचा विश्वास नव्हता. जोतीरावांचा संशय मला समजतो. सभासदांनी स्वतःची दहा-दहा रुपयांची भागरक्कम घालून उभी केलेली संस्था आणि वरून आलेली बँक यांत फरक आहे. सोसायटीत मी चुकलो, तर सभेत उठून मला जाब विचारणारा शेतकरी असतो. तरी मी म्हणेन, ती बँक झाली असती तर 1876-77 च्या दुष्काळाने मोडलेली आमच्याकडची कित्येक घरं पुन्हा उभी राहिली असती. 1904 चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हायला आणखी 20 वर्षं गेली. शेतकऱ्याच्या घरात 20 वर्षं म्हणजे बापाची जमीन जाऊन पोरगा दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला लागण्याइतका काळ.

पुण्यातल्या त्या दोन-तीन वर्षांत वेडरबर्न यांनी आणखी एक काम केलं, ते मला अगदी उशिरा कळलं. त्यांचे दुसरे भाऊ सर डेव्हिड हेही स्कॉटलंडचे खासदार होते. ते 1882 मध्ये वारले आणि घराण्याची ‘सर’ ही पदवी विल्यमकडे आली. भावाच्या आठवणीसाठी विल्यम यांनी 10,000 रुपये दिले ते पुण्यात निघत असलेल्या मुलींच्या हायस्कूलला. रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी 1884 मध्ये काढलेली ती शाळा म्हणजे हुजूरपागा. त्या काळचे दहा हजार. माझी मोठी मुलगी पुण्यात तिच्या आत्याकडे राहून हुजूरपागेत शिकली. लक्ष्मी रोडच्या त्या फाटकापाशी फी भरायला मी कितीदा तरी उभा राहिलो असेन. ज्याला मी ग्रंथालयात शोधत होतो, तो माणूस माझ्या घरापर्यंत असा आधीच येऊन पोहोचला होता. मुलीला फोन करून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अण्णा, मग आपण त्यांचं देणं लागतो.”

सरकारी नोकरीत मात्र अशा माणसाचं पुढे काय होतं, हे नोकरी केलेल्या कुणालाही कळेल. 1883 मध्ये इल्बर्ट बिलावरून गोऱ्या समाजात वादळ उठलं. हिंदी न्यायाधीशापुढे युरोपियन आरोपी उभा राहावा की नाही, हा प्रश्न. वेडरबर्न रिपन यांच्या बाजूने उभे राहिले. 1885 मध्ये मुंबई हायकोर्टात हंगामी न्यायाधीश झाले, शेवटी मुंबई सरकारचे हंगामी मुख्य सचिव. दोन्ही जागांच्या मागे ‘हंगामी’ शब्द आहे. 1887 मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, त्यांनी निवृत्ती घेतली.

मला एका तुलनेने फार अस्वस्थ केलं, ती इथेच सांगतो. ज्या वर्षांत पुरंदरची बँक लंडनमध्ये अडकली, त्याच वर्षांत स्कॉटलंडमध्येच गरीब कुळांचा प्रश्न पेटला होता. उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर दोन-चार एकर कसणारी कुळं, त्यांना क्रॉफ्टर म्हणतात. खंड थकला, की जमीनदार घराबाहेर काढायचा. 1883 मध्ये चौकशी आयोग बसला, त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपिअर, जे आधी मद्रासचे गव्हर्नर होते. आणि 1886 मध्ये कायदा झाला. कुळाला जमिनीवरून हुसकता येणार नाही, वाजवी खंड आयोग ठरवील, आणि थकलेला खंड पाहून तो कमी करण्याचा, रद्द करण्याचा अधिकारही आयोगाला. म्हणजे जुनं देणं तपासून मिटवायची जी पायरी पुरंदरच्या शेतकऱ्यासाठी मागितली होती, ती दोन वर्षांनी स्कॉटलंडच्या कुळाला त्याच पार्लमेंटने दिली. त्यांना मिळाली याचा मला आनंदच आहे, ती माणसंही आमच्यासारखीच. पण त्यांच्यामागे मतं होती, आपल्यामागे नव्हती. 1884 च्या मताधिकाराच्या कायद्याने तिथल्या खेड्यातल्या माणसाला मत मिळालं, आणि 1885 च्या निवडणुकीत क्रॉफ्टरांची बाजू मांडणारे खासदार निवडून आले. त्यानंतर वर्षभरात कायदा.

वेडरबर्न यांनी पार्लमेंटाची वाट का धरली, याचं उत्तर मला तरी यातच दिसतं. न्यायाधीश म्हणून, पुण्यात बसून, गव्हर्नर जनरलचा पाठिंबा असतानाही योजना अडते ती लंडनमध्ये. मग लंडनमध्येच जाऊन बसायला हवं.

तोवर ॲलन ह्यूम यांनी काँग्रेस उभी केली होती. पहिलं अधिवेशन डिसेंबर 1885 मध्ये खरं तर पुण्यातच भरायचं होतं, पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईला गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हललं. 1889 मध्ये मुंबईच्याच पाचव्या अधिवेशनाला वेडरबर्न अध्यक्ष होऊन आले. त्या वर्षी प्रतिनिधींची संख्याही नेमकी 1889 भरली, त्यांत पंडिता रमाबाईंसह स्त्रिया प्रथमच प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. त्याच वर्षी लंडनमध्ये काँग्रेसची ब्रिटिश कमिटी झाली, तिचे ते अध्यक्ष. हे पद त्यांनी मरेपर्यंत, 25 जानेवारी 1918 पर्यंत सांभाळलं आणि त्या कामात स्वतःचे पैसे घातले.

1892 मध्ये त्यांनी नॉर्थ आयर्शायरमधून निवडणूक लढवली आणि ते हरले. पुढच्या वर्षी बॅन्फशायरचे जुने खासदार रॉबर्ट डफ ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर म्हणून गेले, जागा रिकामी झाली, आणि पोटनिवडणुकीत वेडरबर्न निवडून आले. ईशान्य स्कॉटलंडचा तो किनारा, हेरिंग मासा धरणाऱ्यांची बंदरं आणि आत शेतीवाडी. तिथल्या लोकांनी ज्याला निवडून दिलं, त्याने पार्लमेंटात पहिल्याच वर्षी हिंदुस्थानच्या प्रश्नांसाठी खासदारांची समिती बांधली, दादाभाईंना बरोबर घेऊन. पुढे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर दोघेही होते, आणि 1897 मध्ये त्या आयोगासमोर साक्ष द्यायला पुण्याहून तिशीचे गोखले लंडनला गेले. 1900 पर्यंत वेडरबर्न खासदार राहिले. तो काळ पुस्तकांत नीट लिहिलेला आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

हे सगळं मी मागच्या वर्षी आमच्या जुन्या संस्थेच्या वार्षिक सभेत बोललो. ऐनवेळच्या विषयांत अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली. सभासद शांतपणे ऐकत होते. तीन-तीन वर्षांनी खत बदलण्याचा भाग आला, तेव्हा मागच्या रांगेतले एक म्हातारे सभासद उठून उभे राहिले, काही बोलले नाहीत, पुन्हा बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले. हातात तांबड्या फडक्यात बांधलेलं पुडकं. “सचिव, हे आमच्या आज्याच्या बापाचं. घरात कुणाला वाचता येत नाही, म्हणून कुणी टाकलंही नाही.”

मोडी लिपीतले चार कागद, घड्यांवर विरलेले. सासवडला मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांच्याकडे आम्ही दोघे गेलो. गुरुजींनी खिडकीपाशी कागद धरून एकेक ओळ वाचली. पहिलं खत 60 रुपयांचं, बैलासाठी, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. दुसरं 103 रुपयांचं. तिसरं 177. चौथं 304. मधे तीन-तीन वर्षं. मी तिथेच पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. शेकडा दोनने तीन वर्षांचं व्याज धरलं, की रक्कम बरोबर तेवढीच येत होती. म्हणजे 60 रुपयांनंतर त्या माणसाने एक पैही नवी उचललेली नव्हती.

म्हातारबाबांनी विचारलं, सही कुठाय. गुरुजींनी बोट ठेवलं. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर असायची. चारही कागदांच्या तळाशी शाईने नांगर काढलेला होता. पहिला ठळक, रुमणं-फाळासकट. चौथ्यात नुसत्या दोन रेघा होत्या, एकमेकींना टेकलेल्या.